एचटीएमएल ही काही भाषा नव्हे

वेबसाइट करायला आधी कोणती भाषा शिकू, असं नवखी मुलं मला विचारतात. मी सांगतो, आधी एचटीएमएल, मग सीएसएस, मग जावास्क्रिप्ट. बाकीचं पुढे बघू. "सर किती सोपं करून सांगतात," मुलं म्हणतात. मला मान वर करवत नाही. कारण हे जिला सांगायला हवं होतं, तिला मी सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पांडेसऱ्यात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. म्हणजे, स्वतः अर्धवट शिकलेली सी ही भाषा दुसऱ्यांना सांगत होतो. धाकटी बहीण बारावी करून घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. एका रविवारी क्लास रिकामा होता म्हणून तिला घेऊन गेलो, आणि गंमत म्हणून एचटीएमएलच्या चार खुणा दाखवल्या.

दुपारपर्यंत तिने नोटपॅडमध्ये पान लिहून ब्राउझरमध्ये उघडलंसुद्धा. "दख ना दादा! मनं नाव लाल व्हयनं!" खाली साड्यांची नावं होती, नावावर क्लिक केलं की दुसरं पान यायचं. मी वर्षभर काळ्या पडद्यावर नुसते आकडे छापत होतो. मला ते सहन झालं नाही.

"ही काही भाषा नव्हे," मी म्हणालो. "आधी सी, मग सी प्लस प्लस, मग जावा. वेबसाइट त्यानंतर."

"वेबसाइट बनवायची की रॉकेट?" ती हसली.

मी हसलो नाही.

तिचं पान त्या मशीनवर तसंच राहिलं. क्लासला येणाऱ्या साडीच्या एका गुजराती व्यापाऱ्याने ते पाहिलं. त्याला परगावच्या गिऱ्हाइकांना साड्या दाखवायच्या होत्या.

"आ कोणे बनाव्युं?"

"माझ्या बहिणीने."

"तो मोकलो ने बेनने! काम आपीए."

टिकल्यांतून सुटायची तिची ती पहिली संधी होती. मी म्हणालो, "अजून कच्ची आहे, शेठ. सी झालेलं नाही." सी म्हणजे काय हे शेठला ठाऊक नव्हतं. त्याने मान डोलावली आणि दुसऱ्या कुणाला तरी ठेवलं. त्या माणसाला एचटीएमएलपलीकडे फारसं येत नव्हतं, हे मला माहीत होतं.

घरी मी यातलं काहीच बोललो नाही. ती मात्र माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सीच्या वर्गात येऊन बसली. पॉइंटरचा अवघड धडा आला तशी तिची भंबेरी उडाली. सुरुवातीला प्रश्न विचारायची, मग विचारेनाशी झाली, मग यायचीच बंद झाली.

आईने एकदा जेवताना कारण विचारलं. ती म्हणाली, "दादानी काही चूक नही, माय. मनंच डोकं चालत नही."

मी समोरच बसलो होतो. एका वाक्याचं काम होतं. मी खाली बघून जेवत राहिलो.