प्रभारी सरांची अमानत

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. डाळ निवडताना आपण खडे बाजूला टाकत जातो आणि डाळ संपल्यावर बघावं तर वाटीभर खडे! आमच्या शेजारच्या रशीद सरांच्या बाबतीत माझं तसंच झालं. दोन घरांत भिंत एकच, तीही जेमतेम कमरेएवढी. मी कान लावत नाही हो. कानच तिकडे जातात!

सर जळगावच्या एका कॉलेजात मॅनेजमेंट शिकवतात आणि त्या विभागाचे संचालकही आहेत. म्हणजे ‘प्रभारी’ संचालक. चार वर्षांपासून प्रभारीच! संस्थेचे अध्यक्ष आबा. त्यांचे जावई धुळ्याच्या एका कॉलेजात संचालक आहेत आणि त्यांना सासऱ्यांच्या संस्थेत, सरांच्याच खुर्चीवर यायचंय, हे आख्ख्या कॉलनीला माहीत. आबांनी सरांना स्वच्छ सांगून ठेवलेलं, “हिरव्या कॅम्पसची तपासणी समिती येणार आहे. ग्रेड चांगली आली तर तुमचं प्रभारी काढू. नाही आली तर मग सर, तुम्ही समजदार आहात.”

सरांनी एक मोठा पेपरही लिहिलाय, ‘व्यवस्थापनातील इस्लामी मूल्ये आणि शाश्वतता’. मी विचारलं, शाश्वतता म्हणजे काय हो? म्हणाले, “वहिनी, आपल्यानंतर येणाऱ्यालाही पुरलं पाहिजे, असा कारभार.”

मी म्हटलं, अहो, हे तर आमच्या सासूबाई लोणच्याच्या बरणीबद्दल म्हणायच्या! सरांनी लगेच वहीत लिहून घेतलं.

*

मे महिना. जळगावचा मे, वेगळं सांगायला नको. भाचीच्या ॲडमिशनसाठी मी सरांच्या केबिनमध्ये गेले. संस्थेनं नवाकोरा एसी बसवलेला. मला तर तिथंच मुक्काम करावासा वाटला!

फॉर्म, दाखले वगैरे झालं. मग मी आपलं सहज म्हटलं, “बरं सर, भाभींच्या बहिणीसाठी ते भुसावळचं स्थळ आलं होतं, त्याचं काय झालं?”

सर उठले, रिमोट घेतला, एसी बंद केला आणि खिडकी उघडली. भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ आली.

मी म्हटलं, “लाइट गेली का?”

“नाही वहिनी. आता आपलं घरगुती बोलणं सुरू झालं ना! वीज कॉलेजची आहे. माझ्याकडे ती अमानत आहे, सांभाळायला दिलेली.” मग त्यांनी कुठल्याशा जुन्या खलिफाची गोष्ट सांगितली. दरबारात घरचा विषय निघाला की तो सरकारी दिवा विझवून टाकायचा म्हणे.

मी घाम पुसला, थोडा विचार केला आणि म्हटलं, “सर, त्या फॉर्मला फोटो दोन लागतात की तीन?”

एसी चालू!

“मुलगा नोकरीला आहे की धंदा?”

बंद!

“उत्पन्नाचा दाखला तहसीलचाच लागतो ना?”

चालू!

भुसावळच्या स्थळाची पूर्ण माहिती मिळेपर्यंत भाचीचा फॉर्म मी चार वेळा समजून घेतला. सरांनी शिपायाला सांगितलं, “एवढी चौकस पालक मी आजवर पाहिली नाही.”

*

सरांचा आवडता शब्द ‘इस्राफ’. म्हणजे उधळमाधळ. नळ जास्त सोडला, इस्राफ. रिकाम्या खोलीत पंखा, इस्राफ. सरांच्या मिसेस, नसीम भाभी, एकदा वैतागून म्हणाल्या, “ताई, आमच्याकडे भांडणसुद्धा मोजून करावं लागतं. दुसरं वाक्य बोलले की म्हणतात, पहिल्यातच समजलं, इस्राफ कशाला!”

तर अशा माणसानं कॉलेजच्या सेमिनारची निमंत्रणं छापली ती जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. कोरे कागद वापरायचे नाहीत, हा दंडक. गावातल्या व्यापाऱ्यांनाही निमंत्रणं गेली. आमच्या कॉलनीतले कांतीशेठ, डाळ मिलवाले, त्यांनाही एक गेलं. शेठनी नेमकी मागची बाजू वाचली. ‘खालीलपैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा.’

सकाळी सकाळी शेठ धोतर सावरत सरांच्या दारात हजर.

“सर, मी येतो कार्यक्रमाला, पण आधीच सांगतो. दोन येतात. तिसरा काही केल्या येत नाही!”

सरांनी त्यांना आत बसवलं आणि तिसरा समजावून सांगितला.

*

सरांचे थोरले भाऊ हाजीभाई. नशिराबादकडे त्यांचं वर्कशॉप आहे. शेतातल्या ठिबकच्या जुन्या, फाटक्या नळ्या विकत घेतात, वितळवतात आणि नव्या बनवतात. सर त्यांना आपल्या पेपरातलं जिवंत उदाहरण म्हणतात. हाजीभाई म्हणतात, “पेपर तू लिही, मला मशीन बघू दे.”

त्यांचा एक नियम आहे. मालात खोट असेल तर गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगायची. न सांगता विकलं तर ती कमाई हराम.

मी एकदा ह्यांच्यासोबत तिथं गेले होते. अमळनेरकडचे एक नाना नळ्या घ्यायला आलेले. कोपऱ्यातल्या बंडलाला हाजीभाईंनी लाल रंगाचा पट्टा मारून ठेवलेला. नाना नेमके त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले.

“नाना, ते नका घेऊ. मधे मधे जाडी कमी भरलीय. फुटेल.”

नानांनी हाजीभाईंकडे बघितलं. मग बंडलाकडे. मग परत हाजीभाईंकडे.

“कोनाकरता दपाडी ठेवेल शे भाऊ हाऊ माल?”

“लपवला नाही हो नाना! खरंच खराब आहे. हा बघा इकडचा चांगला.”

“चांगला चांगला म्हणीसन तू तो माले दी ऱ्हायना, आनि हाऊ ठेवी ऱ्हायना! माले हाऊच बठ्ठा दे!”

हाजीभाईंनी नळी हातात घेऊन दाबून दाखवली, बोटानं चेपली. नानांचा संशय आणखी पक्का. शेवटी हाजीभाईंनी ते बंडल त्यांच्यासमोर उचललं आणि सरळ वितळवायच्या भट्टीत टाकलं.

नाना रागानं लाल. काही न घेता निघून गेले. जाताना म्हणाले, “दुसऱ्याले देनं व्हतं ते सरळ सांगतास ना!”

हाजीभाई डोक्याला हात लावून खुर्चीत बसले. “खोटं बोललो असतो तर विश्वास तरी ठेवला असता!”

*

कॉलेजात हात धुवायच्या बेसिनचं आणि मुलं नमाजाआधी वजू करतात, म्हणजे हातपाय-तोंड धुतात, त्या नळांचं पाणी सरांनी पाइपानं मागच्या वाफ्यांकडे वळवलंय. तिथं लिंबाची झाडं. आबांना हा उद्योग मुळीच पटला नव्हता.

पुढे लिंबं धरली. अशी रसाळ की शिपाई घरी नेण्यासाठी पाळ्या लावतात. आबांच्या घरी सत्यनारायण होता, तर पंचवीस लिंबं तिकडे गेली. सरबत सगळ्यांना आवडलं. दुसऱ्या दिवशी आबा खूश.

“सर, लिंबं एक नंबर! खत कोणतं टाकता?”

सर म्हणाले, “खत नाही आबा. सगळ्या जाती-धर्मांचे हातपाय!”

*

आणि मग समिती येण्याची तारीख ठरली.

मला हे सगळं इतकं तपशिलात माहीत आहे कारण भाचीमुळे मी आता पालक होते आणि आबांनी मला पालक-प्रतिनिधी म्हणून बोलावलं होतं. मी चांगली साडी इस्त्री करून ठेवलेली!

आदल्या दिवशी दुपारी भाभी भिंतीपाशी आल्या. डोळे लाल.

“ताई, कॉलेजात ट्रकभर कुंड्या आल्यात. नर्सरीतून, भाड्यानं. आबा म्हणतात, मुलांनी वाढवल्यात असं लिहून सही करा.”

“मग? केली सही?”

“कुठली सही! सकाळपासून कागद समोर घेऊन बसलेत. चार साल झाले ताई. खरं बोलले तर खुर्ची जाईल. खोटं बोलले तर मला माहीतंय, हा माणूस घरात जेवणार नाही.”

मी म्हटलं, एक सही तर आहे भाभी, सगळेच करतात. भाभी म्हणाल्या, “मीपण तेच सांगितलं. तर म्हणाले, ठीक आहे, तू कर माझ्या नावानं.” आणि रडता रडता हसल्या. “मीपण नाही केली!”

दुसऱ्या दिवशी गेटपासून पोर्चपर्यंत दोन्ही बाजूंना कुंड्या. शेवंती काय, क्रोटन काय, पाम काय! मला वाटलं चुकून लग्नाच्या हॉलमध्ये आले. आबा कडक इस्त्रीत. सर त्यांच्या शेजारी, रोजच्याच शर्टात, हातात तो कागद. कागद कोरा.

समितीच्या प्रमुख एक मॅडम होत्या. चष्मा नाकावर, बोलणं कमी. गाडीतून उतरल्या तोच आबा पुढे झाले, “या मॅडम! ही सगळी आमच्या विद्यार्थ्यांची...”

“मॅडम,” सर मधेच म्हणाले, “आधी एक सांगतो. ही हिरवळ भाड्याची आहे. उद्या परत जाईल. आमची झाडं मागच्या बाजूला आहेत. थोडी आहेत, उन्हानं काही सुकलीही आहेत. पण आमची आहेत.”

माझ्या हातातली पर्स खाली पडली. आबांचा चेहरा बघवत नव्हता. हळूच म्हणाले, “काय करी ऱ्हायनात सर!”

मॅडमनी चष्मा वर सरकवला. वाकून एका निळ्या कुंडीकडे बघत राहिल्या. तिचा काठ एका बाजूनं फुटलेला. मग त्यांनी मोबाइल काढला, एक फोटो शोधला आणि आबांपुढे धरला. मीही मान लांब केली. फोटोत मॅडम हातात झारी घेऊन उभ्या आणि समोर तीच निळी कुंडी, तोच फुटका काठ!

“परवा धुळ्यात हिला पाणी घातलं मी,” मॅडम म्हणाल्या. “तिथल्या संचालकांनी सांगितलं, मुलांनी दोन वर्षं वाढवलीय.”

आणि त्याच वेळी आबांचा फोन वाजला. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. गडबडीत बंद करायला गेले आणि उचलला गेला.

“आबा, मी बोलतोय!” जावयांचा आवाज साऱ्या पोर्चमध्ये घुमला. “मॅडम पोहोचल्या का? आमच्याकडे कुंड्या बघून एकदम खूश होत्या! तुमचं झालं की ट्रक लगेच साक्रीला सोडा हं. तिथं सोमवारी तपासणी आहे!”

आबा फोन हातात धरून पुतळ्यासारखे उभे. मॅडमनी शांतपणे फाइल उघडली. पेनाचं टोपण काढलं.

“आबासाहेब, इथं एक रकाना रिकामा आहे. ‘कायमस्वरूपी संचालक’. संस्थेनं कोणाचं नाव ठरवलंय?”

आबांनी एकदा कुंड्यांकडे बघितलं. एकदा सरांकडे. एकदा हातातल्या फोनकडे.

“सरांचंच, मॅडम! केव्हाच ठरलंय!”

“आबा?” फोन म्हणाला. “हॅलो, आबा? काय ठरलंय?”