अध्यक्ष व्हर्लिन आणि अडीचशे मतं

व्हर्लिन ऑफ्टेडालला आमच्या वीज सहकारी संस्थेचा अध्यक्ष कोणी केला, ते मला विचारू नका. कोणीच केला नाही. बावीस वर्षं त्याच्यासमोर कोणी उभंच राहिलं नाही, म्हणून तो बसलाय. एकोणीस वर्षं मी संस्थेच्या खिडकीवर बिलं घेतेय, या माणसाला पुरती ओळखून आहे. स्वतःच्या गोठ्यातला दिवा बदलायला संस्थेचा वायरमन बोलावतो, आणि भाषणात छाती काढून म्हणतो, "आपले खांब, आपल्या तारा, आपला कारभार!"

अरे, खांब तू रोवलेस का? माझ्या आजोबांच्या पिढीने रोवले, मिनेसोटाच्या या दगडासारख्या गोठलेल्या जमिनीत पहारी घालून. म्हणून त्याचं भाषण सुरू झालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमची वार्षिक सभा दर एप्रिलमध्ये शाळेच्या जिममध्ये भरते. पाच हजार सभासदांतले सहाशे येतात, तेही फुकटच्या हॅम-बटाट्यांसाठी आणि सोडतीतल्या डीप फ्रीझरसाठी. आजूबाजूच्या संस्था सोडत मुद्दाम शेवटी ठेवतात, लोक थांबावेत म्हणून. आमच्या या दीडशहाण्याने ती पुढे आणली. आधी जेवण, लगेच सोडत, मग अहवाल आणि प्रश्न. एकदा एका बाईने दरवाढीवरून त्याला भर सभेत घाम फोडला होता, तेव्हापासून ही पद्धत. सोडत झाली की लोक कोट चढवून घरी जातात, आणि उरलेल्या चाळीसेक पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांसमोर साहेब सगळं 'एकमताने' मंजूर करून घेतात.

पुढे राजधानीत नवा कायदा यायला लागला. दर किती लावायचे, वीज कोणाकडून घ्यायची, ते राज्याचा आयोग ठरवणार. व्हर्लिन नवा टाय लावून आमदारांच्या समितीपुढे साक्षीला गेला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"लाव्होन, असं झापलं ना एकेकाला! म्हटलं, तुम्ही कोण ठरवणार? आमच्या सभासदांना विचारा!"

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार? गप्प बसले."

कसले गप्प! त्यांनी तेच कायद्यात घातलं. ज्या संस्थेत विसांतला निदान एक सभासद सभेला येऊन मत टाकेल आणि बहुमत 'कारभार आमचाच' म्हणेल, तिला सूट. बाकीच्या आयोगाच्या ताब्यात. म्हणजे आम्हाला अडीचशे मतं हवी होती, आणि संधी एकच.

मी म्हटलं, "व्हर्लिन, या वर्षी तरी सोडत शेवटी घे."

"छे! लोकांना सवय झालीय, उगाच गोंधळ होईल. आणि सहाशे येतात की!"

गोंधळ कसला डोंबलाचा! प्रश्नांना घाबरतो मेला.

सहाशेवीस आले. जेवले. फ्रीझर एका कोंबड्या पाळणाऱ्याला लागला, टाळ्या झाल्या, आणि लगेच खुर्च्या सरकायला लागल्या.

"मंडळी, थांबा! मतदान आहे!" व्हर्लिन माइकवर ओरडला.

"घे की रे, नेहमीसारखं एकमताने!" दारातून कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

माइक टाकून तो दाराकडे धावला. या माणसाला मी धावताना कधी पाहिलं नव्हतं. लोकांच्या बाह्या धरत होता, आणि लोक त्याच्या पाठीवर थाप मारून, "हॅम झकास होतं हं," म्हणत निघून जात होते.

पेटी चार वाजता बंद व्हायची होती. पावणेचारला एकशे एकाहत्तर मतं पडली होती.

"पुन्हा मोज," व्हर्लिन म्हणाला.

"मोजून माणसं वाढत नाहीत, व्हर्लिन."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. जात होतं ते त्याच्या बापाचं नव्हतं, आमचं होतं. कोऱ्या मतपत्रिका घेऊन मी त्याच्या मागोमाग बाहेर आले. पार्किंग रिकामं झालं होतं. एकच पिकअप उभी होती, त्याचीच. आत त्याची बायको आर्डिस हीटर लावून, मांडीवर लेमन बारच्या, म्हणजे लिंबाच्या गोड वड्यांचा, डबा घेऊन बसली होती.

त्याने काच ठोठावली. "आर्डिस! तू मत टाकलंस ना?"

तिने काच अर्धी खाली केली.

"मत?" ती म्हणाली. "मला वाटलं, ते तुमचं तुम्हीच टाकता."