मुलाखतीची भाषा: मराठी

दिगंबर सरदेशपांडे यांनी महाराष्ट्रात अठ्ठावीस वर्षं सरकारी कारखाना निरीक्षक म्हणून नोकरी केली. एक्केचाळीस खटले भरले. त्यातले निम्मे किरकोळ दंडावर सुटले, दोन-तीन त्यांनी वरून फोन आल्यावर मुकाट्यानं मागे घेतले. पण त्यांची जीप फाटकातून आत आली की मालक खुर्चीतून उठायचा. त्या उठण्याची त्यांना सवय झाली होती.

निवृत्तीनंतर वर्षभरात बायको गेली आणि मुलगी सई त्यांना जर्सी सिटीला घेऊन आली. ती मॅनहॅटनमध्ये एका बँकेत कामाला. एकविसाव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये दिगंबरराव दिवसभर खिडकीशी बसून खालच्या ट्रेन बघायचे. शेवटी सईनंच एक कोर्स शोधून दिला. म्हणाली, "बाबा, तुम्हाला सोपा जाईल. तुमचंच काम आहे."

काम वरवर तेच होतं. मोठ्या कंपन्या आपल्याला माल पुरवणाऱ्या कारखान्यांसाठी आचारसंहिता लिहितात: मजुरांवर जबरदस्ती नको, मशीन सुरक्षित हवीत, तक्रार करणाऱ्याला त्रास होता कामा नये. कारखाने ती पाळतात की नाही हे बघायला खाजगी ऑडिट कंपन्या असतात. दिगंबरराव अशाच एका कंपनीत बासष्टाव्या वर्षी ऑडिटर म्हणून लागले, टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, गाडी चालवायला शिकले आणि खूश झाले.

फरक त्यांच्या लक्षात महिन्याभरात आला. ऑडिटची फी ज्याची तपासणी करायची तोच कारखाना भरत होता. तारीख त्याला आठवडाभर आधी कळत होती. रिपोर्टही आधी त्याच्याच हातात पडायचा. शिवाय करारात एक कलम होतं: कारखान्यात जे दिसेल ते लेखी परवानगीशिवाय कोणाही तिऱ्हाइताला सांगायचं नाही. तिऱ्हाइतात सरकार येतं का, हे दिगंबररावांनी विचारलं नाही. मालक आता उठत नव्हते. कॉफी घेणार का, एवढं विचारायचे.

जून महिन्यात त्यांना मध्य न्यू जर्सीतल्या एका फ्रोझन पराठ्यांच्या कारखान्यात पाठवलं. तिथला माल एका मोठ्या किराणा साखळीला जायचा. मालकाचा मुलगा नकुल कारखाना बघत होता. चौतिशीचा, इथेच जन्मलेला, आईवडील मराठी. त्यानं दारातच वाकून नमस्कार केला.

"काका, वेलकम. आपल्याकडे सगळं ट्रान्स्परंट आहे. जे पाहिजे ते बघा."

सगळं खरंच स्वच्छ होतं. पीठ लाटणाऱ्या मोठ्या मशीनच्या दोन रुळांपुढे पिवळी जाळी होती. दिगंबरराव जाळीजवळ वाकले. बाकी मशीनवर पिठाचा थर होता. जाळीचे बोल्ट मात्र चकचकीत होते.

मग कामगारांच्या मुलाखती. यादीतून दहाजण निवडायचे, एकेकाला बंद खोलीत बोलवायचं. यादीत एक नाव शोभा पाखरे. सत्तावन्न वर्षांची, कराडकडची. मुलानं, वेदांतनं, ग्रीन कार्ड करून इकडे आणलं आणि दोन वर्षांनी तो बायकोला घेऊन नोकरीसाठी पार पश्चिम किनाऱ्यावर बॉथेलला निघून गेला. तिकडे घर लहान आहे, सेटल झालो की बोलावतो, म्हणाला. त्याला तीन वर्षं झाली होती. ती कारखान्याजवळ एका तळघरात खोली घेऊन राहत होती.

ती आत आली, हात बांधून उभी राहिली आणि पाठ केलेलं इंग्रजी म्हणू लागली. "येस सर. हॅपी सर. सेफ्टी गुड सर."

"बसा शोभाताई," दिगंबरराव म्हणाले. "मराठीत बोला. मी तिकडे सरकारी इन्स्पेक्टर होतो."

ती बसली. दार लागलंय ना, ते तिनं वळून बघितलं.

"नाव येईल का माझं?"

"कुठेही येणार नाही. माझा शब्द आहे."

मग तिनं सांगितलं. जाळी फक्त ऑडिटच्या दिवशी लावतात, एरवी काढून ठेवतात, कारण जाळी असली की मशीन हळू चालवावं लागतं. मार्चमध्ये ग्वाटेमालाच्या मारिसेलाची डाव्या हाताची दोन बोटं रुळात गेली. पेरापासून तुटली. ॲम्ब्युलन्स बोलावली नाही. नकुलनं स्वतःच्या गाडीतून तिला ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं आणि घरी गाडीच्या दारात बोटं सापडली असं लिहून घेतलं.

"ती पोर पिठात बोटं शोधत होती, भाऊ," शोभा म्हणाली. "आणि सुपरवायझर म्हणत होता, बॅच फेकून द्या, बॅच फेकून द्या."

दिगंबररावांनी तिला ऑडिट कंपनीच्या तक्रार हॉटलाइनचं कार्ड दिलं. मागे स्वतःचा नंबर लिहिला.

बोट तुटलं तर मालकानं चोवीस तासांत सरकारला कळवायचं, असा इथला कायदा आहे. तो त्यांना ठाऊक होता. गाडीत बसल्यावर त्यांनी सरकारी खात्याचा नंबरही शोधला. मग करारातलं कलम आठवलं. सई आठवली, तिचं ते सगळ्यांना अभिमानानं सांगणं आठवलं की बाबा इथेही इन्स्पेक्टर आहेत. त्यांनी फोन खिशात ठेवला. रिपोर्टात सगळं नीट लिहू, मग होईलच कारवाई, असं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी ते रिपोर्ट भरायला बसले. शोभाचं नाव त्यांनी कुठेच घातलं नाही. पण प्रत्येक दोषापुढे एक चौकट होती: ही माहिती कोणत्या मुलाखतीतून मिळाली, मुलाखतीची भाषा कोणती. खालच्या यादीत स्पॅनिश चार, गुजराती तीन, नेपाळी दोन, मराठी एक. त्यांनी त्यांची मॅनेजर प्रीता हिला फोन केला.

"भाषेची चौकट रिकामी ठेवली तर?"

"सिस्टिम पुढे जाणार नाही काका. मँडेटरी फील्ड आहे."

"अहो, मराठी बोलणारी एकच बाई आहे तिथे."

"नाव टाकलं नाही ना आपण? मग ॲनॉनिमसच आहे ते. प्लीज, आज सबमिट करा, क्लायंट वाट बघतोय."

स्पॅनिश असं टाकता आलं असतं. त्यांच्या मनात आलंही. पण खोटी नोंद करायला हात वळेना. खटले मागे घेतानासुद्धा त्यांनी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी 'मराठी' निवडलं आणि बटण दाबलं.

रिपोर्ट नकुलला पोचला त्या दिवशी त्यानं शोभाला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला.

"मावशी, तुम्ही मला आईसारख्या. तुम्हाला मशीनची भीती वाटते हे मला आधी का नाही सांगितलं? आता मशीनजवळ जायचंच नाही. कोल्ड स्टोरेजला जा."

कोल्ड स्टोरेज म्हणजे उणे अठरा डिग्री. तिथे दोनच जॅकेट होती, पुरुषांच्या मापाची. आदल्या शिफ्टची माणसं ती घामानं ओली करून टांगून जायची. शोभाला संधिवात होता. आठ दिवसांत तिची बोटं जांभळी पडली, पंधराव्या दिवशी वेणी घालता येईना. तिसऱ्या आठवड्यात तिनं मशीनवर परत घ्या म्हणून हात जोडले.

"नो नो मावशी," नकुल म्हणाला. "तिथे सेफ नाही असं तुम्हीच म्हणालात ना?"

सगळ्यांसमोर म्हणाला. लोक हसले. जुलैच्या अखेरीस, स्वखुशीनं नोकरी सोडत आहे असं छापलेलं इंग्रजी पत्र त्यानं तिच्यापुढे ठेवलं आणि तिनं खाली मराठीत सही केली.

ऑगस्टमध्ये दिगंबरराव फेरतपासणीला आले तेव्हा त्यांना ते पत्र दाखवण्यात आलं. सहीतला 'भ' फाटला होता, पेन धरता न आल्यासारखा.

"इमोशनल बाई होत्या, काका. आम्ही मिस करतो त्यांना."

मारिसेलाची मुलाखत त्यांनी दुभाष्याला फोनवर ठेवून घेतली. टोपी आणि मास्कमध्ये तिचे फक्त डोळे दिसत होते. तिनं डावा हात ॲप्रनच्या खिशातून काढलाच नाही. घरी लागलं, म्हणाली. गाडीचं दार. कोणत्या गाडीचं, विचारलं तर म्हणाली, तिच्याकडे गाडी नाही. मग घाबरली आणि म्हणाली, बहिणीची गाडी. रिपोर्टात दोन प्रश्न होते. जाळी बसवली आहे का? होती. सूड घेतल्याचा पुरावा आहे का? पुरावा म्हणजे कागद, आणि कागदावर स्वखुशी होती. त्यांनी दोष 'निकाली' म्हणून नोंदवला. वर्षाअखेरीच्या अहवालात ती किराणा साखळी लिहिणार होती की पुरवठादारांकडचे सगळे दोष निकाली निघाले.

दुसऱ्याच दिवशी शोभाचा फोन आला.

"भाऊ, तुम्ही म्हणाला होता नाव येणार नाही."

"नाव नाही आलं, शोभाताई."

"मग त्याला कसं कळलं?"

तीच पुढे म्हणाली, "जाऊ द्या. एक पत्र द्याल का? कामाला लावणारा एजन्सीवाला दुसरीकडे लावत नाही. म्हणतो, तू भांडखोर आहेस. तुम्ही साहेब आहात, मी भांडत नाही असं लिहून द्या."

"देतो," ते म्हणाले.

प्रीतानं ते ऐकताच नकार दिला. मुलाखत दिलेल्या कामगाराशी खाजगी संबंध ठेवणं हा नियमभंग होता, त्यानं कामगाराची गोपनीयता धोक्यात येते, असं तिनं त्यांना गंभीरपणे समजावलं. दिगंबररावांनी पत्र लिहिलं नाही. नकार कळवायचं धाडसही त्यांचं झालं नाही. शोभाचे फोन येत राहिले, ते स्क्रीनकडे बघत राहायचे. सई विचारायची, कोण आहे? ते म्हणायचे, जाहिरातवाले. सप्टेंबर सरेपर्यंत अकरा फोन झाले. मग ऑक्टोबरात एक निरोप: "भाऊ, पत्र राहू द्या. बुधवारी मी बॉथेलला चाललेय."

ते सोमवारी तिच्या तळघरात गेले. ती दातांनी बॅगची चेन ओढत होती. त्यांनी पुढे होऊन चेन लावून दिली.

"वेदांतच्या बायकोला बाळ होणारेय," ती म्हणाली. "आता बोलावलं. हाताचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिकीट पाठवलं नसतं."

"बाळाला उचलाल कसं?"

"पोचल्यावर बघू. पोचलेल्या माणसाला काय परत पाठवतात का?" तिनं कोपरानं बॅग दाराशी सरकवली. "पाठवतीलही."

"शोभाताई, मी सरकारकडे तक्रार करतो. तुम्ही साक्ष द्या."

ती पहिल्यांदाच चिडली. "जूनमध्ये का नाही केली? तेव्हा माझे हात होते."

दिगंबरराव उभेच होते. तिनं बसा म्हटलं नाही.

"तिकडं सरकारात होता तेव्हाही असंच करत होता का?"

"नाही," ते म्हणाले.

"मग इथं येऊन बिघडला म्हणायचं," ती म्हणाली आणि भांडी वर्तमानपत्रात गुंडाळू लागली.

त्याच आठवड्यात त्यांनी सरकारी खात्याला फोन केला. स्वतःचं नाव सांगितलं. पलीकडचा अधिकारी सभ्य होता. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि सांगितलं की अपघाताला सहा महिने उलटून गेले, आता त्याबद्दल नोटीस काढता येणार नाही. मशीन मात्र बघून येतो. चार दिवसांत खात्यानं ऑडिट कंपनीकडे जूनचा रिपोर्ट मागितला आणि तिला हे कळलं. प्रीतानं करारभंगाचं पत्र ईमेल केलं, त्यांचं प्रमाणपत्र रद्द झालं.

"बाबा, काय गरज होती?" सई म्हणाली. "करायचं तर तेव्हाच करायचं. आता कुणासाठी केलंत?"



दोन आठवड्यांनी नकुलचा फोन आला. आवाज प्रसन्न होता.

"काका, इन्स्पेक्टर येऊन गेला. जाळी बघितली, खूश झाला. तुम्हीच पाठवला होता ना?"

"हो."

"त्याला ऑफिसात कॉफी देऊन मी फ्लोअरवर जाळी लावायला लावली आणि सांगितलं, सरकारची माणसं आलीयत, कोणत्या डिपार्टमेंटची ते माहीत नाही, इमिग्रेशनचे पेपर्स नसतील त्यांनी आपलं बघावं. सतरा लोक मागच्या दारानं पळाले. ॲप्रन घालूनच. मारिसेलापण." मग हसून म्हणाला, "थँक यू, काका, खरंच. ती एखादा वकील घेऊन येईल म्हणून मला टेन्शन होतं. आता ती कुठे सापडणारपण नाही."

दिगंबरराव मारिसेलाला शोधू लागले. कारखान्याच्या आसपासच्या तीन गावांत स्पॅनिश प्रार्थना होणारी चर्च होती. नोव्हेंबरभर दर रविवारी ते तिथे गाडी लावून दाराशी उभे राहायचे. नोकरीच्या मुलाखतीला जातात तसा कोट घातलेला हा म्हातारा बघून लोक मुलांना जवळ ओढायचे. ते बायकांना नाव विचारायचे, मारिसेला म्हणाली की हात दाखवा अशी खूण करायचे. त्या नावाच्या तिघी भेटल्या. तिघींनी घाबरून दोन्ही हात पुढे केले, आणि तिघींची दहाही बोटं शाबूत होती.