बाबांची साखर आणि बाबांचा तोरा

माझ्या वडिलांबद्दल मला तिरस्कार वाटायचा, हे आता या वयात सरळ लिहून टाकते. ते दुष्ट नव्हते. आम्हा कुणावर त्यांनी कधी हात उगारला नाही. पण तोऱ्यापायी माणूस किती खोटं वागू शकतो, ते मी त्यांच्याकडे बघून शिकले.

ग्वाल्हेर दरबारच्या एका कचेरीत ते अंमलदार होते. छावणीतून चालत निघाले की दुकानदार उठून नमस्कार करायचे. मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, आणि त्यांच्या खुर्चीवर इंदूरहून आलेला, वयाने बराच लहान माणूस बसला. बाबांना बाजूच्या खोलीत एक टेबल मिळालं. त्याच वर्षी त्यांना सारखी तहान लागू लागली, कोट खांद्यांवर लोंबू लागला, आणि डॉक्टरांनी मधुमेह सांगितला.

"साहब, सुई रोज़ लगेगी," डॉक्टर म्हणाले. "एक दिन भी नागा नहीं."

आईचे हात कापायचे, म्हणून सुई टोचायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा सतरा वर्षांची. रोज सकाळी काचेची सिरिंज उकळायची, माठाच्या गारव्यात ठेवलेली इन्सुलिनची कुपी काढायची, दंडावर टोचायचं. आठवड्यातून दोनदा लघवी तपासायची. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर साखर वाढलेली.

पहिले काही महिने विटकरीच यायचं, कारण बाबा कचेरीतून परतताना दौलतगंजाच्या बाजारात गजक, ती तीळगुळाची वडी, खायचे. मी बोलले की म्हणायचे, "मला मालूम आहे माझ्या अंगात काय चाललंय. त्या डॉक्टरला काय, नव्या सरकारचा नोकर तो."

मग अचानक नळी निळी येऊ लागली. दर वेळी, स्वच्छ निळी. आईने देवापुढे नारळ फोडला. मला वाटलं, सुधारले. पण गालफडं बसतच चालली होती, आणि लघवीतल्या साखरेला लागणारी मुंग्यांची रांग मोरीत तशीच. एका सकाळी मी त्यांनी तपासायला भरून दिलेली बाटली नाकाशी नेली. कसलाच वास नाही. नळाचं पाणी होतं.

मी बाटली त्यांच्यासमोर ठेवली. "बाबा, हे पाणी आहे."

ते वर्तमानपत्रातून वर बघेनात. "मग? रंग बरोबर आला ना? तेवढ्यावर खूश राहा. घरातसुद्धा आता मुलीपुढे हजेरी द्यायची का मी?"

त्या क्षणी माझ्या मनातून ते उतरले. कचेरीतल्या त्या तरुण साहेबाला एक शब्द बोलायची छाती नव्हती, आणि मर्दुमकी कुणावर, तर निळ्या औषधावर.

पुढे मध्यभारतही गेलं. नवा प्रांत, राजधानी भोपाळ, आणि बाबांच्या कचेरीची तिकडे बदली; ते एकटेच जाणार होते. मी सिरिंज, स्पिरिट, कुप्या पेटीत भरल्या. त्यांनी त्या काढून ठेवल्या.

"तिथे चार अनोळखी लोकांत राहायचंय," ते म्हणाले. "बाही वर करून बसलेला बघतील तर म्हणतील, ग्वाल्हेरवाला बीमार आहे, याला घरी बसवा."

"आणि पडलात तर?"

"मी पडत नाही."

नव्या कचेरीसाठी त्यांनी नवे बूट घेतले होते. बूट चावला, टाचेला फोड आला, तो त्यांनी मोज्यात लपवला. दोन महिन्यांनी त्यांच्या खोलीत राहणाऱ्या एका कारकुनाने, सडलेल्या पायाचा वास सहन होईना म्हणून, आम्हाला तार केली. आई आणि मी त्यांना आगगाडीने घरी आणलं. डबाभर लोक नाकाला पदर आणि रुमाल लावून बसले होते. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

त्यानंतर मात्र एक सुई चुकली नाही. सकाळी मी यायच्या आधी दंड उघडा करून बसलेले असायचे. साखर आटोक्यात आली, चेहरा भरला. हे सगळं दोन पायांवर असतानाही करता आलं असतं.

भेटायला येणाऱ्यांना ते सांगायचे, "भोपाळच्या डॉक्टरांनी घात केला." भोपाळात त्यांनी एकाही डॉक्टरचं तोंड पाहिलं नव्हतं. आई 'हो' म्हणून मान हलवायची. एकदा, त्यांच्या जुन्या कचेरीतले एक स्नेही बसलेले असताना, मला राहवलं नाही. मी म्हणाले, "तिथे यांनी एकही सुई घेतली नाही, काका. लोक काय म्हणतील म्हणून."

स्नेही कपातल्या चहाकडे बघत राहिले. बाबा जरा हसले आणि त्यांना म्हणाले, "पोरींना काय कळतं कचेरीतलं." मग दोघं जुन्या दरबारच्या गोष्टींना लागले. मी कप उचलून आत गेले. आई चुलीपाशी होती; तिने सगळं ऐकलं होतं. एवढंच म्हणाली, "बोललीस ते बरं केलंस," आणि पुन्हा पोळ्या लाटू लागली.