बाणाखालची पत्रिका

डोणगावात निवृत्ती सीटवाल्याच्या हाताखालून गेलेली वस्तू लांबूनच ओळखू येते. ती मूळच्यापेक्षा जाड असते, मरून रंगाची असते आणि धन्याशिवाय दुसऱ्या कोणाला ती वापरता येत नाही. ट्रॅक्टरच्या आणि मोटरसायकलींच्या सीटा शिवायचं त्याचं दुकान घराला लागूनच आहे. धंदा चोख, शिलाई पक्की, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती खोडीबद्दल. "कंपनीनं केलं म्हंजे अर्धं केलं," असं तो ज्याला त्याला सांगतो, आणि उरलेलं अर्धं करायलाच आपला जन्म झाला आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

स्वतःच्या स्कूटरवर त्याने इतका फोम चढवला की चौकात थांबायचं झालं तर पाय जमिनीला टेकत नाहीत. मग तो चहाच्या टपरीचा खांब धरून थांबतो, आणि टपरीवाला न विचारता कप पुढे करतो. टीव्हीच्या रिमोटला त्याने रेक्झिनचा अंगरखा शिवला, तेव्हापासून त्याच्या घरात चॅनल अंदाजाने लागतं. कुकरची शिट्टी फार ओरडते म्हणून तिलाही टोपी शिवली होती. ती पहिल्याच वरणाला उडून आढ्याला चिकटली.

हे सगळं रुखमाबाईने चालवून घेतलं. नवऱ्याला सुधारणं आपल्या हातात नाही हे तिने लग्नानंतर लगेच ओळखलं आणि बोलणं मात्र आपल्या हातात ठेवलं. ती आठवडी बाजारात निघाली की वांगीवाले किडकी वांगी आपणहून मागे सारत. "हे वांगं तुमच्या घरी खाता काय?" एवढंच ती विचारायची.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर ती पिठाच्या गिरणीच्या पायरीवरून पडली. दळण सांडलं ते सांडलं, पायही मोडला. प्लास्टर झालं, ते निघालं, हाड जुळलं. मेहकरचे डॉक्टर म्हणाले, आता बिनधास्त चाला. पण बिनधास्त हा शब्द डॉक्टरांकडेच राहिला. रुखमाबाई भिंतीला हात लावल्याशिवाय एक पाऊल टाकेना. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चुन्यावर तिच्या हळदीच्या हाताचा पट्टा उमटला. भिंत संपली की रुखमाबाई थांबायची. बाजार निवृत्तीकडे आला आणि किडक्या वांग्यांचे दिवस फिरले. ती पिशवी बघून शिव्या घालेल या आशेने तो मुद्दाम समोर उभा राहायचा. ती म्हणायची, "ठेवा तिथं."

या "ठेवा तिथं"ने निवृत्तीचा जीव घाबरला. बायको बोलत होती तोवर तिच्या बोलण्याचा त्याला वैताग होता. आता ही अशीच भिंतीजवळ बसून राहील, उठणारच नाही, असं त्याला वाटायला लागलं आणि जेवण गोड लागेना.

मुलगी पुष्पांजली अकोल्याला दवाखान्यात नर्स आहे. तिने कुरियरने एक नाचायची मॅट पाठवली. टीव्हीला जोडायची, पडद्यावर बाण येतात, तसतसा मॅटवरच्या बाणावर पाय ठेवायचा. फोनवर ती म्हणाली, "आई, आमच्या इथल्या व्यायामवाल्या मॅडमनं सांगतलं, अशानं पायाचा भरोसा परत येते. तू नाचू नको, नुसता पाय ठेव."

मॅट स्वस्तातली होती आणि ते ती लपवतही नव्हती. पापडाएवढी पातळ, घडीच्या जागी फुगलेली. रुखमाबाईने खुर्चीची पाठ धरून पाय ठेवला तशी मॅट फरशीवरून सर्रकन सरकली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं अंगणच चालायला लागलं होतं. ती मटकन खुर्चीत बसली. "झालं माहं नाचनं," म्हणाली, "गुंडाळा ते."

निवृत्तीने ती गुंडाळली आणि दुकानात नेली. चेहरा काळजीचा होता, पण खरं सांगायचं तर मनात उकळ्या फुटत होत्या. कंपनीने पुन्हा अर्धंच केलं होतं.

तो दोन दिवस कोणतंही गिऱ्हाईक बघेना. मॅटखाली दोन बोटं जाड फोम, वर ट्रॅक्टरच्या सीटचं मरून रेक्झिन, कडेने सोनेरी गोट. बाण पिवळ्या रेक्झिनचे कापून वर शिवले. अशी देखणी वस्तू त्याच्या दुकानातून तोवर निघाली नव्हती. रुखमाबाईने पाय ठेवला, तो चिखलात रुतावा तसा रुतला, आणि टीव्हीला काही पत्ता लागला नाही. तिने जोर लावला तरी टीव्ही आपला चुकलं, चुकलं म्हणत राहिला. शेवटी तिने मेथीची जुडी मागवली आणि मॅटवर बसून निवडायला घेतली.

"बसाले मस्त हाय," ती म्हणाली. "आता एक तक्क्या शिवा."

जन्मभर बसणाऱ्यांची सोय बघितलेल्या माणसाला उभ्या माणसाची गरज कळली नव्हती. बसायला मऊ लागतं, पाऊल टाकायला टणक लागतं. हे त्याला कळलं तेव्हा तो थोडा खट्टू झाला, पण बायको बऱ्याच दिवसांनी टोचून बोलली होती, त्यामुळे जास्त खट्टू होता येईना.

मग त्याने मॅट उसवून आत बघितलं. आत दोन पातळ प्लास्टिकचे पडदे होते आणि मध्ये भोकाभोकांचा फोम. पडदे एकमेकांना टेकले की टीव्हीला कळायचं. पण ते टेकायचे फक्त बाणाच्या अगदी मधोमध दाबलं तर, आणि रुखमाबाईचं पाऊल भीती नेईल तिकडे पडायचं. म्हणजे प्रत्येक बाणाखाली काहीतरी कडक हवं होतं, कडेला दाबलं तरी सगळा बाण दबेल असं. जाड फोम त्याने काढून टाकला. खाली प्लायवूड ठोकलं. प्लायवूड सरकू नये म्हणून त्याच्या बुडाला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं. कडक वस्तूसाठी मात्र तो माळ्यावर चढला.

माळ्यावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. असा गठ्ठा आमच्याकडे घरोघरी असतो. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून ती फेकता येत नाही, जाळता येत नाही, रद्दीत घालवत नाही. लग्नं होऊन लेकरंबाळं शाळेत जातात, पत्रिका माळ्यावरच असतात. निवृत्तीने त्यातली जाडजूड मुखपृष्ठं निवडली, बाणाच्या मापात कापली आणि आत सारली. काम झकास झालं. बोट ठेवलं तरी टीव्ही ओ देऊ लागला.

मॅट घरात आली, आणि तिच्या कडेला चिकटून आलेला एक कपटा फरशीवर पडला. रुखमाबाईने तो उचलला. त्यावर एक मोदक होता आणि सोंडेचं टोक.

"हा मोदक कोनाचा?" तिने विचारलं.

निवृत्तीने सगळं अभिमानाने सांगितलं. सांगता सांगता तिचा चेहरा बघून त्याचा आवाज बारीक होत गेला.

"म्हंजे चारी बाजूनं गनपती, अन मी त्याच्यावर पाय आपटू?"

"वरतून रेक्झिन हाय नं."

"खुर्चीले कव्हर घातलं म्हनून खाली खुर्ची नसते काय?"

हे सीटवाल्याला पटण्यासारखंच होतं. त्याने चारी बाण उसवले, गणपती बाहेर काढले, दोघांनी हात जोडले आणि ते गठ्ठ्यात परत ठेवले. मग रुखमाबाई म्हणाली, "आना तो गठ्ठा इकडं. मी निवडून देते. आतली पानं घ्या, त्याच्यावर नुसते मानसं असते."

दोघं मॅटवरच बसून पत्रिका चाळू लागले. कोणाचं लग्न, कोणाची जेवणं उशिरा झाली, कुठे वरातीत भांडण झालं, सगळं निघालं. एका पत्रिकेवर रुखमाबाईचा हात थांबला. ती राजकुमारच्या लग्नाची होती. राजकुमार म्हणजे मागच्या गल्लीत राहणाऱ्या अन्नपूर्णाबाईचा मुलगा, आणि अन्नपूर्णाबाई म्हणजे निवृत्तीची थोरली बहीण. पहिल्या पानावर पुढाऱ्यांचे फोटो, दुसऱ्यावर भाऊबंद, व्याही, मित्रमंडळ. शेवटच्या पानावर 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणारी चिल्लीपिल्ली, आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरात मामा निवृत्ती.

"हे टाका पुढच्या बाणात," रुखमाबाई म्हणाली.

"आक्काची पत्रिका? अवं, कागद म्हंजे सरस्वती. पाय लागते."

"रोज आधी पाया पडीन. कागदाले नमस्कार. बाकीचं माहं मी पाह्यते."

तिने तसंच केलं. सकाळी मॅटला वाकून नमस्कार, मग पदर खोचायचा, एका हाताने खुर्ची धरायची आणि सुरू. डावा, उजवा आणि मागचा बाण ती सांभाळून दाबायची. पुढचा बाण आला की दुखऱ्या पायाला दुखणं आठवायचं नाही. असा पाय पडायचा की फळीवरचे डबे वाजायचे. हळूहळू खुर्चीवरचा हात सुटला. पण तो त्या चार बाणांपुरता. मॅटवरून उतरली की पुन्हा भिंत. निवृत्ती ते बघायचा आणि दुकानात जायचा.

शेजारी डिंपलचं ब्यूटी पार्लर आहे. मधली भिंत हादरायला लागली तेव्हा ती चौकशीला आली, सगळं ऐकून हसून हसून गेली, आणि दुपारी तिच्याकडे भुवया कोरायला राजकुमारची बायको बसली. पुढचं सांगायला नको.

संध्याकाळी अन्नपूर्णाबाई दारात उभी.

"निवृत्त्या, तुह्या घरात मले पायाखाली घालून राह्यले म्हनते."

निवृत्तीला एकदम एका ट्रॅक्टरची अर्धवट राहिलेली सीट आठवली. तो दुकानात गेला आणि मधल्या दाराआड सुई हातात घेऊन बसला. दोरा ओवायचं त्याला सुचलं नाही.

"तुमाले नाई, बाई," आतून रुखमाबाईचा आवाज आला. "पत्रिकेले."

"अन काऊन म्हनून?"

"तुमच्या मांडवातल्या साऱ्या गाद्या, साऱ्या सोफ्याईचे कव्हर या मानसानं शिवले. दुकान बंद ठेवून शिवले. नवरदेवाचा सख्खा मामा. अन त्याचं नाव कुठं, तं लेकराईच्या खाली. त्याईले काई वाटलं नाई, ते तसेच हाय. मले वाटलं. म्या ते पान पाह्यलं तवापासून माह्या पोटात हाय."

दाराआड निवृत्तीने सुई खाली ठेवली. बायकोचं आणि बहिणीचं पटत नाही, बायांचं काहीतरी असेल, असं धरून तो इतके दिवस चालला होता. पत्रिकेवर आपलं नाव कुठे आहे हे त्याने बघितलंही नव्हतं. त्याच्यासाठी कोणीतरी एवढा राग सांभाळून ठेवला होता, आणि तो राग आपल्याला लाभलेला सगळ्यात मोठा मान आहे असं त्याला वाटलं. डोळे पुसायला हाताशी रेक्झिनच होतं.

अन्नपूर्णाबाई उंबऱ्यावर टेकली. म्हणाली, "मले वाचता येते काय, रुखमा? राजकुमारनं मोबाईलवरून छापाले धाडलं. मामाचं नाव हाय काय म्हनलं, तं हाय म्हने. मी म्हनलं, झालं. पन वरती पाहिजे होतं. चुकलं आमचं."

असं सरळ कबूल केल्यावर भांडण पुढे रेटणं फार अवघड असतं. रुखमाबाईने चहा ठेवला. चहा झाल्यावर अन्नपूर्णाबाई म्हणाली, "पाहू दे, कसं खेळतेत ते." ती लुगडं सावरून मॅटवर चढली आणि स्वतःच्याच पत्रिकेवर दोन पाय दिले. "बरं वाटते वं. माह्या सासूचं काई नाई काय गठ्ठ्यात?"

"त्याईच्या वक्ताले पत्रिका कुठं छापत होते, बाई?"

"मंग राहू दे."

कुंकू लावून झालं. अन्नपूर्णाबाई निघाली. आमच्या बायका निघाल्या म्हणजे निघत नाहीत. दारात थोडं बोलणं होतं, पायरीखाली थोडं होतं, महत्त्वाचं सगळं रस्त्यात होतं. राजकुमारच्या बायकोच्या स्वयंपाकावरून विषय निघाला आणि दोघी तो बोलत बोलत चालू लागल्या. निवृत्ती दुकानाच्या दारात आला. रुखमाबाई गल्लीच्या मधून चालली होती. घरांच्या भिंती दोन्हीकडे लांब होत्या. एका हाताने ती नणंदेला काहीतरी पटवून देत होती, दुसरा नुसता हलत होता. दोघी कोपऱ्यापर्यंत गेल्या, तिथे आणखी बोलल्या, आणि अन्नपूर्णाबाई वळली.

रुखमाबाई एकटी परत आली. हाक मारली तर भिंत सुटल्याचं तिच्या लक्षात येईल, म्हणून निवृत्तीने हाकसुद्धा मारली नाही. ती पायरी चढली, उंबरा ओलांडला, टीव्हीजवळ आली आणि मॅटकडे बघत उभी राहिली.

"बाईची पत्रिका काढा आता त्या बाणातून," ती म्हणाली. "आता तिच्यावर जोरानं पाय पडनार नाई."

"मंग तिथं काय टाकू? नुसता ठेवला तं बाण दबनार नाई."

"तुमच्या दुकानाचे कार्ड हाय नं, ते जोडून टाका," रुखमाबाई पदर खोचत म्हणाली. "त्याच्यावर तुमचं नाव सगळ्याईच्या वरती हाय."