मार्गशीर्षातला टर्की

बाबांनी तो ओट्यावर टाकला तेव्हा ओट्याच्या कडेचा टवका उडाला. प्लॅस्टिकमध्ये बांधलेला, गोठलेला टर्की. मी तोपर्यंत टर्की फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिला होता.

"साहेबाचा कुक केरळला गेलाय," बाबा म्हणाले. "नाताळचं जेवण आपल्याकडून. मी शब्द दिलाय."

"अहो, मार्गशीर्ष चाललाय," आई म्हणाली.

"मग? साहेबाला सांगू, यंदा नाताळ पुढे ढकला म्हणून?"

बाबा इथे आखातात, सलमाबादच्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळत. नव्या वर्षात फोरमनची जागा रिकामी होणार होती आणि ती कोणाला द्यायची हे अदलियात राहणारा अमेरिकन साहेब ठरवणार होता. म्हणून हा शब्द.

आईचाही एक शब्द होता. मी सहा वर्षांची असताना मेंदूत ताप गेला म्हणून सलमानियाच्या इस्पितळात अकरा दिवस पडून होते. तेव्हा तिने नवस केला होता: पोरीने डोळे उघडले तर जन्मभर मार्गशीर्षात मटण-मासळी तोंडात घालणार नाही. मी डोळे उघडले. त्यानंतर नऊ वर्षं त्या महिन्यात आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. बाबा बाहेर खाऊन येत. नवस मोडला तर काय होईल हे आई कधी बोलली नाही, पण त्या महिन्यात मी नुसती शिंकले तरी ती माझ्या कपाळाला हात लावून बघायची.

बुधवारी संध्याकाळी टर्की मिठाच्या पाण्यात घालायचा होता. साहेबाच्या बायकोने मासिकातलं पान कापून दिलं होतं. बाबा ते मोठ्याने वाचत होते, बोट ठेवून. एवढं पाणी, एवढं मीठ, तमालपत्र, मिरी, संत्र्याची साल. रात्रभर बुडवून ठेवा, मांस मऊ राहतं. आईने दोन्ही हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या आणि नवी बादली घासून घेतली होती.

"पाणी कुठलं घेऊ? कॅनमधलं गोडं घेऊ का नळाचं?"

"खाऱ्यातच बुडवायचाय ना? मग नळाचं घे. तेही खारंच."

आईने मीठ मोजून घातलं, ढवळलं आणि टर्की आत सोडला. तो वर आला. तिने पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. बाबांनी तिला कोपराने बाजूला सारलं, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हातांनी त्याला तळाशी दाबून धरलं. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

"असा बुडवायचा साल्याला," ते म्हणाले. ते हसत होते. "बघ. खलास."

मग त्यांनी त्याच्या छातीवर वरवंटा ठेवला.

मला वेष्टन कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं. मी हातात आलेलं सगळं वाचते, शाम्पूच्या बाटल्यासुद्धा. वेष्टनावर मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं की या पक्ष्यात मिठाचं पाणी आधीच टोचलेलं आहे, वरून मीठ घालू नये.

मी ते दोनदा वाचलं. सांगायला हवं होतं. पण उन्हाळ्यात एकदा बाबांचे मित्र घरी बसले असताना बाबा कंपनीचं पत्र वाचत होते आणि मी त्यांचा एक उच्चार दुरुस्त केला होता. मित्र हसले. ते गेल्यावर बाबांनी मला हात लावला नाही. लोखंडी पळी आईच्या डोक्यात घातली. "पोरीला काय शिकवून ठेवलंयस?" तिला टाके पडले. कपाटाचं दार लागलं, असं डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचं काम माझं होतं. मी ते चांगलं केलं होतं.

म्हणून मी वेष्टनाची चार घड्यांची पट्टी केली आणि कचऱ्याच्या तळाशी दाबली.

दुसऱ्या दिवशी नाताळ होता आणि मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवारही. आईने पहाटे अंघोळ करून आतल्या खोलीत कलश मांडला, मग उपाशीपोटी स्वयंपाकघरात आली. आमच्या ओव्हनमध्ये तवे आणि कढया ठेवायची पद्धत होती, ते सगळं काढलं. टर्की जेमतेम मावला. चार तासांत तो तांबूस झाला, घरभर तुपट वास सुटला. कोणी चाखला नाही. आई चाखणार नव्हती, नवस माझ्यासाठी म्हणून मीही त्या महिन्यात खात नसे, आणि बाबा बूट घालून दारात उभे होते. "यल्ला, यल्ला, उशीर होतोय."

चार वाजता ते परत आले. फॉइलमध्ये जवळजवळ सगळा टर्की तसाच होता.

"हसले," ते म्हणाले. आवाज शांत होता. "एक जण म्हणाला, समुद्रातून पोहत आला का हा? सगळे हसले. मॅडमनी स्वतः बांधून दिला. म्हणाल्या, घरी मुलांना द्या."

त्यांनी ताट भिंतीवर फेकलं. मग आईचे केस धरले.

"किती मीठ घातलंस?"

"तुम्ही वाचलंत तेवढंच."

पहिली थप्पड बसली तेव्हा तिचा चष्मा फ्रिजखाली गेला. दुसरीला ओठ फुटला.

"खोटं बोलतेस. एवढं खारट होतं का? चाख. चाखून सांग मला, किती घातलंस ते."

"मारा हवं तर," आई म्हणाली. "तोंडात नाही घालणार."

त्यांनी तिला फ्रिजला दाबलं, गळ्यावर कोपर ठेवलं. दुसऱ्या हाताने टर्कीचा लचका तोडला आणि तिच्या मिटलेल्या ओठांवर रगडला. ती मान हलवत होती, डोकं फ्रिजच्या दारावर आपटत होतं. तिचे ओठ पांढरे पडले होते, मधून रक्त येत होतं. बाबांची बोटं दातांपर्यंत पोचली.

"It was already salted," मी म्हटलं. "It was on the wrapper. I read it."

बाबा वळले. "मराठीत बोला, मॅडम."

"त्याच्यात मीठ आधीच होतं. वेष्टनावर लिहिलं होतं. मी वाचलं होतं. बुधवारीच."

त्यांनी आईला सोडलं. मग मला मारलं, एकदाच, कानावर. मी दाराच्या चौकटीवर आपटले. कानात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि त्या आवाजातच बाबांनी जिन्याचं दार आपटलेलं मला फक्त दिसलं.

आई बेसिनपाशी गेली आणि चुळा भरू लागली. एक, दोन, तीन. आधी का सांगितलं नाहीस, असं तिने विचारलं नाही. बराच वेळ नळ वाहत होता.

"तू बघत होतीस ना?" ती म्हणाली.

"हो."

"आत गेलं का?"

ती माझ्याकडे वळून उभी होती. चष्मा नव्हता, त्यामुळे तिला माझा चेहरा नीट दिसत नसावा. मला तिचा दिसत होता. खालच्या दातांमध्ये मांसाचा एक पांढरा तंतू अडकला होता, रक्ताने चिकटलेला.

"नाही," मी म्हटलं. "ओठांवरच राहिलं."

तिने आणखी एक चूळ भरली. तिने ती टाकली तेव्हा मी खाली फरशीकडे बघितलं.

मग तिने पदर ओला करून माझ्या कानाला लावला, फ्रिजखालून चष्मा काढला आणि आत जाऊन दिवा लावला. मी मागोमाग गेले. तिने पोथी माझ्या पुढ्यात ठेवली.

"आज तू वाच. माझा ओठ हलत नाही."

मला देवनागरी सावकाश वाचता यायची, अक्षर लावत. एका कानाने माझा मलाच आवाज ऐकू येत नव्हता. मी वाचत गेले. जिथे अडत होते, तिथे आई सुजल्या ओठांनी शब्द पुरा करत होती.