हेतू जरा कोमट

मी सांडाला भिऊन पळालो आणि पळता पळता एका सज्जन माणसाचा जीव वाचवला. वाचवायचा माझा काडीइतकाही विचार नव्हता.

तो सज्जन माणूस म्हणजे कशासाठी काका. झाशीतल्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर दर्शनशास्त्र शिकवलं. विद्यार्थी त्यांना 'किसलिए सर' म्हणत, आमच्या मराठी घरांत ते 'कशासाठी काका'. तुम्ही काही चांगलं केलंत की काका मान तिरकी करून विचारत, "कशासाठी?" वाईट केलंत तर विचारत नसत. वाईटाचं कारण म्हणे सहसा उघडच असतं.

एका उन्हाळ्यात दतिया गेटपाशी कुणा पुढाऱ्याने प्याऊ, म्हणजे आपली पाणपोई, लावली. माठापेक्षा त्याचा फोटो मोठा. काका दोन पेले पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पाणी गार आहे. हेतू जरा कोमट आहे."

"मग प्यायलात कशाला?"

"तहान माझी होती, हेतू त्याचा आहे. मी फक्त विचारतो. उत्तर ज्याचं त्याने स्वतःला द्यायचं."

भीतीवर तर त्यांचा विशेष राग. "भीतीने सरळ वागणारा माणूस चांगला नसतो, बांधलेला असतो," ते म्हणत. "दावं सोडून बघावं, कुठे जातो ते." हे ऐकलं की मी चुळबुळ करू लागे. मी जन्माचा भित्रा. देवळात जातो तो शनीला भिऊन, सिग्नलला थांबतो तो शिट्टीला भिऊन, आणि घरी वेळेवर येतो तो... जाऊ दे.

त्या दिवशी आम्ही बड़ा बाज़ारातून चाललो होतो. काकांची वांग्यांची पिशवी मी आपणहून हातात घेतली.

"कशासाठी घेतलीस?"

"तुम्ही मोठे आहात काका."

"मोठा तर मी काल पण होतो. काल तुझी बायको बरोबर नव्हती, एवढंच."

बायको पुढच्या दुकानात बांगड्या बघत होती. तेवढ्यात गल्लीतून आरडाओरडा झाला आणि दोन सांड शिंगात शिंग अडकवून थेट आमच्या अंगावर आले. जवळ कापडाच्या दुकानाचा उंच ओटा होता आणि ओट्याच्या व माझ्या मधे काका उभे. मी दोन्ही हातांनी त्यांना बाजूला ढकललं, ओट्यावर उडी मारली, आणि पिशवी छातीशी धरून दुकानाच्या पार कोपऱ्यात जाऊन बसलो. काका ओट्याशेजारी रचलेल्या कापडाच्या ताग्यांवर पडले. ते उभे होते त्याच जागेवरून सांड गेले. तिथली सायकल चपटी झाली.

"वाह भैया!" दुकानदार ओरडला. "गुरुजी की जान बचा ली आपने!"

ताग्यांतून काकांनी डोकं वर काढलं. चष्मा नीट केला. "कशासाठी ढकललंस?"

"तुम्हाला वाचवायला," मी म्हटलं.

"हं," काका म्हणाले. त्या 'हं'ने मला जेवढं घाबरवलं तेवढं सांडांनीही नव्हतं.

समोरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं होतं, पण माझ्या पाठीकडून. पाठीवर हेतू दिसत नाही. व्हिडिओ फोनोफोनी फिरला. बायकोने तो गुरसरायला माहेरी पाठवला, तेव्हा ज्या मेहुण्याने मला कधी पाणी विचारलं नव्हतं तो फोनवर "जीजाजी, जीजाजी" करू लागला. मंडळाने गणपतीत माझा सत्कार ठरवला आणि प्रसंग सांगायला काकांनाच बोलावलं.

माझी अन्नावरची वासना उडाली. काका खोटं बोलत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक. मी त्यांच्या घरी गेलो.

"काका, तुम्ही काय बोलणार?"

"मला माहीत आहे ते."

"काय माहीत आहे?"

"चहा घे," काका म्हणाले.

सत्काराला सूत्रसंचालन माझ्या भाचीकडे. तिला मराठी समजते पूर्ण, बोलता येते पाऊण. "मामांनी काकांचा जीव वाचवायची खूप चेष्टा केली," तिने माइकवरून जाहीर केलं. बबीन्याच्या छावणीतून आलेली साताऱ्याकडची लष्करी कुटुंबं फिसकन हसली. हिंदीतला प्रयत्न मराठीत थट्टा होतो, हे आम्हा झाशीकरांच्या ध्यानातच येईना. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

"शब्द चुकला नाही हो," म्हणत काका उठले. घसा साफ केला. माझ्याकडे बघितलं.

पहिल्या रांगेत मेहुणा फोन धरून चित्रीकरण करत होता. काकांनी तोंड उघडलं, आणि मी माइक हिसकावला. "मी त्यांना वाचवलं नाही! ते वाटेत होते! मला ओट्यावर चढायचं होतं!"

मेहुण्याने फोन खाली घेतला. बायकोने पदर तोंडावर.

काकांनी माझ्या हातातून माइक हळूच घेतला. "मी एवढंच सांगणार होतो, की मी जिवंत आहे आणि वांगी चांगली निघाली."

मांडव हसून हसून लोळला. पायऱ्या उतरताना काका माझ्या कानाशी म्हणाले, "बाकीचं तुझं होतं. बोलायचं की नाही, तुला मोकळं सोडलं होतं. खरं बोललास, पण तेसुद्धा दाव्याला बांधून घेऊन."

गेल्या हिवाळ्यात काकांची नजर अधू झाली आणि मुलगी त्यांना कायमचं इंदूरला घेऊन गेली. स्टेशनवर मी गेलो. त्यांची पिशवी माझ्याच खांद्याला. मुलगी डब्यात सामान लावत होती.

"कशासाठी आलास?" मान तशीच तिरकी.

कर्तव्य म्हणावं, तर ते हसतील. प्रेम म्हणावं, तर पुरावा मागतील. मी मुकाट्याने होतं ते सांगितलं. "भीती वाटते काका. तुम्ही गेल्यावर मला कोण विचारणार?"

काकांनी चाचपडत माझा खांदा धरला. आता जन्मभर जपून ठेवावं असं काहीतरी बोलणार, म्हणून मी कान पुढे केला. गाडीने शिट्टी दिली.

"पिशवी दे आधी," काका म्हणाले. "मागच्या वेळी घेऊन पळाला होतास."